विहीर नंबर एक

मंगळवार, ९ जानेवारी १९६८

वही शाळेची उरलेली, शाई माझ्या मुलाची, वामनची, आणि अक्षर माझं, म्हणजे वेडंवाकडं. सहा वर्षांपूर्वी साक्षरतेच्या मोहिमेत मास्तरानं आम्हा पंधरा बायांना पारावर बसवून शिकवलं आणि शपथ घ्यायला लावली. रोज चार ओळी लिहा, नाहीतर विसराल, म्हणाला. चौदाजणी विसरल्या. मी लहानपणी दुसरीपर्यंत गेले होते म्हणून माझं टिकलं.

आज लिहायला बसण्याचं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी माझा नातू गेला. दोन महिन्यांचा होता. ताप नाही, खोकला नाही, नुसता निळा पडत गेला. खामगावच्या डॉक्टरनं विचारलं, निळेपणा केव्हापासून? वामन म्हणाला चार दिवस. सून सिंधू म्हणाली दहा. मी म्हटलं आठवत नाही. डॉक्टरनं आमच्याकडे असं पाहिलं, जसं तिघं मिळून खोटं बोलत आहोत. पोरगा त्याच संध्याकाळी गेला.

तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा घरात लेकरू झालं तर रोजचं लिहून ठेवायचं. आता नात झाली आहे. आज एकवीस दिवसांची. नखं गुलाबी, ओठ गुलाबी, आवाज भोंग्यासारखा. आईवर गेली आहे.

शनिवार, १३ जानेवारी

सिंधूच्या छातीला गळू झालं. पिंपळगाव राजाच्या दवाखान्यात नेऊन चिरून आणलं. तिला थंडी वाजून ताप येतो. दूध बंद. मागच्या वेळीही तिला दूध कमीच होतं, पोराला वरचंच पाजलं होतं.

आता नातीचं सगळं माझ्याकडे. आमच्या कपिलेचं दूध, त्यात तेवढंच पाणी, आणि बोंडल्यानं घोट घोट. पाणी मी साधं घालत नाही. पितळी गंजात चार वाट्या पाणी चुलीवर ठेवते आणि एक वाटी उरेपर्यंत आटवते. चौथाई. माझ्या आईनं मला असंच शिकवलं. वामनला मात्र अंगावरचं दूध होतं, त्याला याची गरज पडली नाही.

आज नर्सबाई आली होती. जीभ सुटली की थांबत नाही. म्हणाली, "आजी, पाणी उकळून देता ना?"

म्हटलं, "तू एक उकळी आणत असशीन. मी चौथाई करतो."

ती म्हणाली, "वा, शाबास." आणि वहीत काहीतरी लिहून गेली. तिच्या पगारात माझी शाबासकी लिहिलेली असेल.

रविवार, २१ जानेवारी

नात बरी. नखं गुलाबी.

आज गुलाबराव आला होता. सोजराबाईचा मुलगा, बौद्धवाड्यातला. शहरातल्या एका कॉलेजात तो वाचनालयाचा शिपाई आहे. महिन्यातून एकदा रविवारी आईला भेटायला येतो. चाळिशी आली, मॅट्रिक झाला आहे, धोतर सोडून पॅन्ट घालतो, पण अजून मला पाहिलं की सायकलवरून उतरतो. मी उकिरड्यावर शेण टाकत होते. तो विहिरीच्या पलीकडेच थांबला.

"बाई, आपलं गाव छापून आलं."

"कायच्यात? चोरीत की खुनात?"

"नाई हो. मोठ्या अंकात. दिल्लीहून येते तो. नवा अंक आला की म्या त्याच्यावर शिक्का मारतो. मारता मारता नकाशा दिसला. खाली इंग्रजीत भोनटेक. म्या दोनदा वाचलं."

मग मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी जीप आली होती. टोपीवाले दोघे अन् चष्म्यावाला एक. काचेच्या सहा बाटल्या. पोहरा मीच काढून दिला होता, त्यांच्यातल्या एकालाही दोर ओढता येत नव्हता. चष्म्यावाल्यानं बाटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाला, "आजी, तुमच्या पाण्याची परीक्षा आहे." मी विचारलं, निकाल कधी? तो हसला, म्हणाला, येईल. नंतर कोणी आलं नाही.

गुलाब सांगत होता, नकाशात आपल्या विहिरीवर काळा ठिपका आहे आणि त्यांच्या वाड्यातल्या विहिरीवर पांढरा. आमची एक नंबर, त्यांची तीन नंबर.

"काळा म्हंजे काय अन् पांढरा म्हंजे काय?"

"ते आत लिहेल असीन. अकरा पानं हायेत. पर अंक प्रोफेसर लोकाइच्या कपाटात गेला. कुलूप म्या लावतो, पर किल्ली ग्रंथपालाच्या ड्रॉवरात राह्यते."

म्हणजे माझ्या विहिरीचं पाणी मी उपसून दिलं, आणि त्यात काय निघालं ते मला सोडून सगळ्या दिल्लीला माहीत आहे.

गुरुवार, २५ जानेवारी

नात आज पस्तीस, छत्तीस, सदतीस दिवसांची. तीनदा मोजलं.

सकाळी अंघोळ घालताना नखं पाहिली. गुलाबी नाहीत. जांभळट म्हणावं तर तसंही नाही, पाटीवरचं लिहिलेलं ओल्या बोटानं पुसल्यावर राहतं तसं काहीतरी. थंडी आहे म्हणून असेल. शेकलं. तसंच.

सिंधूला सांगितलं नाही. तिला अजून ताप आहे.

पाणी आजपासून आणखी आटवते आहे. आठ वाट्यांची एक. जळण जातं ते जाऊ दे.

शनिवार, २७ जानेवारी

गावात बातमी फिरली आणि फिरता फिरता फुगली. वामननं पारावर ठिपक्यांचं सांगितलं, सरपंचानं अर्थ लावला. सरकार विहिरींवर विजेच्या मोटरी बसवणार आहे, काळा ठिपका म्हणजे मंजूर. गावच्या विहिरीला मंजूर, बौद्धवाड्याला नामंजूर. सगळ्यांना हा अर्थ इतका पसंत पडला की लगेच अर्जही लिहिला. वामननं खाली सही केली.

मी म्हटलं, "वाचलं कोनं? कोनीच नाई. मंग अर्थ कुठून काढला?"

वामन म्हणाला, "माय, सरकार कायले फुकट ठिपके देते?"

माझा मुलगा आहे, काय बोलणार.

नातीचे ओठ दुपारी पाहिले. कडेनं निळसर.

सोमवार, २९ जानेवारी

खामगावला नेलं. डॉक्टर दुसरा होता. त्यानं विचारलं केव्हापासून, मी वही काढून दाखवली. २५ तारीख, सकाळ. त्यानं वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदा तू बाजूला ठेवून तुम्ही म्हणाला. लेकराच्या टाचेला सुई टोचली. थेंब बाहेर आला तो लाल नव्हता, गुळाच्या पाकासारखा होता. डॉक्टर त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिला.

"काय पाजता?"

"गाईचं दूध, आटवलेलं पानी."

"उत्तम. तेच चालू ठेवा. मला वाटतं हृदयात जन्मतः दोष असावा. मुंबईला दाखवावं लागेल."

मुंबईला नेण्याएवढी ती टिकेल का, ते त्याला विचारलं. त्यानं दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

 येताना बसमध्ये सिंधू लुगड्याच्या आत हात घालून लेकराची बोटं चाचपत होती. मागच्या वेळी तिनं असंच केलं होतं.

एक गोष्ट मला सतावते. दोन पोरं, दोघांचं हृदय खराब? वामनचं, सिंधूचं, माझं, सगळ्यांचं धडधाकट. आणि कौशल्याबाईचा नातू तीन वर्षांपूर्वी गेला तोही निळाच होता. ते घर आमचं नात्यातलं नाही. आमच्यात एकच सारखं आहे. विहीर.

बुधवार, ३१ जानेवारी

गेले. कोणाला सांगितलं नाही, वामनला म्हटलं शेगावला दर्शनाला जाते. शेगावहून गाडीत बसून पुढे शहरात. कॉलेज शोधायला वेळ लागला नाही, मोठी इमारत म्हणजे कॉलेज नाहीतर जेल.

वाचनालयाच्या दारात गुलाब स्टुलावर बसला होता. मला पाहून उठला तो असा, जसं मी कोणाचं मरण सांगायला आले. आत टेबलामागे ग्रंथपाल. कपडे पांढरे, चेहरा त्याहून पांढरा. मी विहिरीच्या अंकाचं सांगितलं.

तो म्हणाला, "बाई, हे सभासदांसाठी आहे."

"मंग मले सभासद करा."

"विद्यार्थी किंवा प्राध्यापक असावं लागतं."

"अंकात माह्या विहिरीचं हाये."

"विहीर तुमची असेल. अंक कॉलेजचा आहे."

"पानी म्याच काढून देल्लं होतं. माह्या नातीच्या जिवाचं काम हाये. मी हात नाई लावत. तुमीच वाचा, मी उभ्यानं ऐकतो."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाला, "एकाला वाचून दाखवलं तर उद्या दहा येतील, बाई. नियम मी केलेला नाही." आणि पुढ्यातली कार्डं नीट करत बसला. कपाट त्याच्या मागेच होतं. काचेचं. पुस्तकांच्या पाठी दिसत होत्या. माझ्यापासून चार हातांवर.

बाहेर पायऱ्यांवर गुलाब मागून आला. मान खाली. "मधल्या सुट्टीत ग्रंथपाल जेवाले घरी जाते. किल्ली ड्रॉवरातच राह्यते. म्या उतरवून आनतो. दिवसाले दोन पानं होतीन. कुठून सुरू करू?"

मी म्हटलं, "पह्यल्या अक्षरापासून. एकही सोडू नोको. तलाठ्यानं एकदा नकलेतली मधली ओळ गाळून देल्ली होती, तिच्यात आमचा बांध गेला. नक्कल म्हंजे पुरी नक्कल."

"हाव," म्हणाला.

बरं केलं बजावलं ते. अर्धवट कागद काही कामाचा नाही.

रविवार, ४ फेब्रुवारी

नात दूध ओढते पण दमते. ओठ निळे, कानाच्या पाळ्या निळ्या. रडते ते भोंग्यासारखं नाही आता.

दुपारी गुलाब आला, पाच पानं उतरवून. विहिरीपाशी उभं राहून वाचणं शक्य नव्हतं, चारजणी पाणी भरत होत्या. तो म्हणाला, घरी चला. मी गेले. बौद्धवाड्यात मी आयुष्यात दोनदा गेले असेन, आणि घरात कधीच नाही.

सोजराबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. वामनच्या वेळी हिनंच मला सोडवलं. दीड दिवस माझ्या पायांशी बसली होती. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर गावकीची कामं त्या लोकांनी सोडली, तेव्हा सुईणपणही सुटलं. आधी मला बाई म्हणायची, तेव्हापासून नावानं हाक मारते. राग यायचा. आता सवय झाली.

"ये वं मनकर्णा," म्हणाली. "चाळीस वर्सांत रस्ता सापडला का?"

"तुह्या पोराकडे काम हाये."

"हाव, माहीत हाये. कामाशिवाय तू कायले येतं? बस. पानी नाई विचारत तुले, घाबरू नोको."

मी बसले. पाणी मागितलं नाही.

गुलाबनं कॉलेजातून इंग्रजीची डिक्शनरी आणली होती, विटेएवढी जाड. एकेक शब्द काढून सांगायचा. पाच पानांत काय निघालं? पूर्णा नदीचं खोरं केवढं. खडक कोणता. पाऊस किती. आधी कोणकोणत्या साहेबांनी कुठे काय लिहिलं. बाटल्या कशा धुतल्या. बाटल्या धुण्यावर अख्खं एक पान.

"ठिपक्याचं?"

"अजून नाई आलं, बाई. पुढं असीन."

सोजरा म्हणाली, "शिकेल लोकं. सयपाकाचं इच्यारलं तर चूल कोनं बांधली तथून सुरू."

गुलाबला विचारलं, तिथल्या सरांना का विचारत नाहीस? म्हणाला, "इच्यारलं तर पह्यले हे इच्यारतीन, तू कपाटात हात काऊन घातला."

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सकाळी अर्धं बोंडलं. दुपारी पाव. अंगाचा रंग राखेसारखा. झोपते फार.

सिंधूचा ताप उतरला आहे. आज म्हणाली, "आत्याबाई, पानी मी आटवतो, तुमी थकल्या." मी दिलं नाही. म्हटलं, तुझ्यानं कमी आटेल.

रविवार, ११ फेब्रुवारी

हे लिहायला हात तयार नाही. तरी लिहिते, कारण लिहायचं ठरवलं होतं.

गुलाब सकाळच्याच गाडीनं आला. उरलेली सहा पानं. सोजराच्या ओट्यावर बसलो. सातव्या पानावर कोष्टक होतं. विहीर नंबर एक, भोनटेक, गावठाण. एका शब्दापाशी आकडा मोठा होता. गुलाबनं डिक्शनरी उघडली. सोरा.

"सोरा? फटाक्याच्या दारूत टाकतात तो?"

"त्याच जातीचा क्षार म्हन्ते. उकिरड्याचा, गोठ्याचा. शेनामुतातून मुरते अन् झऱ्यात उतरते."

आमचा उकिरडा विहिरीपासून वीस पावलांवर आहे. माझ्या सासऱ्यानं केलेला. शेण मी टाकते.

दहाव्या पानावर लिहिलं होतं की मोठ्या माणसांना या पाण्यानं काही होत नाही. जनावरांनाही फारसं नाही. पण तीन-चार महिन्यांच्या आतलं लेकरू, ज्याला वरचं दूध या पाण्यात मिसळून पाजतात, त्याच्या रक्तात बिघाड होतो. ओठ, नखं निळी पडतात. ताप नसतो. पाणी बदललं तर बरीचशी लेकरं काही दिवसांत सुधारतात.

मी म्हटलं, "बदलू. आजच बदलू. पुढं वाच."

गुलाब पुढचं वाचता वाचता थांबला. दोन शब्द पुन्हा डिक्शनरीत पाहिले. त्याला अर्थ लागला होता, ते मला त्याच्या मानेवरून कळलं.

"वाच बे."

"उकळल्यानं हा क्षार जात नाई. पानी जेवढं आटते, तेवढा तो वाढते. काई गावाइत बायका मुद्दाम आटवून पाजतात, तथी जास्त लेकरं..."

त्यानं पान उलटलं. 

शेवटच्या पानावर, सगळ्यात खाली, ठिपक्यांचा अर्थ. काळा, लहान लेकरांना देऊ नये. पांढरा, पिण्यास योग्य.

पहिल्या दिवशी शेवटचं पान उतरवलं असतं तर अकरा दिवस वाचले असते. पहिल्या अक्षरापासून उतरव असं सांगणारी मीच. गुलाबला हे म्हटलं नाही. त्यालाही ते कळलं असावं, पानांची घडी करून पुन्हा पुन्हा दाबत होता.

सोजरा आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मला दिला नाही, माझ्यासमोर ठेवला. "आमची विहीर सत्तावन साली आमीच खोदली. खडकात. उकिरडा करायले आमच्यापाशी गुरंच नवती," म्हणाली. "घेऊन जा. लेकराले पाज. तुले बाटायचा भेव असीन तर तू नोको पेऊ."

तांब्या पदराखाली घेऊन आले. दारात वामन. "काय आनलं?" मी सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, पाण्यात खोट आहे, अंकात छापलं आहे. वामननं तांब्या घेतला आणि तुळशीपाशी ओतला. रागानं नाही. शांतपणे, जसं उष्टं टाकतात.

"गुलाबनं सांगतलं अन् तू ऐकलं. त्याइच्या विहिरीले मोटर नाई भेटली म्हनून आपल्या विहिरीले खोट. अन् खोट असीन तर अजून आटवू. सोळा वाट्याची एक करू. नर्सबाईनं उकळाले सांगतलं, डॉक्टरनं उत्तम म्हतलं. तुह्या गुलाबनं डाक्टरी केली का?"

सिंधू चुलीपाशी होती. तिनं गंज चढवला. काठोकाठ भरून.

एक गोष्ट सांगितली असती तर तो गंज तिथेच उतरला असता. मी ओसरीवर येऊन बसले आणि सांगितली नाही. संध्याकाळी नातीला जे पाजलं ते माझ्या डोळ्यांसमोर पाजलं. इथे लिहिते आहे की मी उठले नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सकाळी ही वही मागे मागे वाचली. चौथाई. चौथाई. आठ वाट्यांची एक. माझंच अक्षर.

सिंधू चूल पेटवायला बसली. वामन बैल सोडत होता. मी त्याला हाक मारली, म्हटलं, दोघं इकडे या. दोघं आले. सिंधूच्या कडेवर नात, मान टाकलेली.

मी म्हटलं, "आटवलं की वाढते. पानी जेवढं आटन, तेवढं जहर वाढते. अंकात लिहेल हाये. आपल्या पोराले म्या पह्यल्या दिवसापासून चौथाई पाजलं. त्याचं हृदय बरं होतं. त्याले म्या मारलं. हिलेही मीच मारून राह्यली. आता आटवू नोका."

वामन म्हणाला, "माय, काय बोलून राह्यली तू?"

"बोलतो ते बरोबर बोलतो."

सिंधू माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं ओरडेल. तिनं विचारलं, "पह्यल्या दिवसापासून?"

"हाव."

"मी मांगत होती तुमाले. म्हतलं होतं ना, मी करतो."

"म्हतलं होतं."

तिनं नातीला वामनच्या हातात दिलं. चुलीवरचा गंज फडक्यानं धरून उतरवला, अंगणात नेऊन पालथा केला. घागर घेतली. "कोनती विहीर?"

"बौद्धवाड्यातली. सोजराले सांग, मी पाठोलं."

"तुमचं नाव नाई सांगत," सिंधू म्हणाली.

वामन दारात उभा होता. लेकरू हातात असल्यामुळे त्याला दार अडवता येईना. ती म्हणाली, "बाजूले व्हा." तो झाला.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सिंधू स्वतः पाजते. मला बोंडलं धरू देत नाही. नात कशी आहे ते मला लांबून पाहावं लागतं. दुपारी पाळण्यात असताना पाय उघडा होता. नख पाहिलं. राखेचा रंग थोडा उतरला आहे असं वाटलं. डोळे म्हातारे आहेत, खात्री नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी

गुलाबी. दोन्ही हातांची. आज लांबूनही दिसलं. रडण्याचा आवाज शेजारी कौशल्याबाईकडे गेला.

सिंधू माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, मीठ वाढते, बोलत नाही. तिचं बरोबर आहे. वामन बोलतो, पण हवामानाचं.

त्या विहिरीचं पाणी आणते म्हणून आमच्या घरी हळदीकुंकवाला कोणी येत नाही. सिंधूला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं, पण माझ्या वाटण्याला आता घरात जागा नाही.

शनिवार, २ मार्च

गुलाबची नक्कल घेऊन ग्रामपंचायतीत गेले. म्हटलं, शेवटच्या पानाचं मराठी करून पाटीवर लावा. सरपंचानं कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "शिक्का कुठी हाये?"

"हातानं उतरवलं हाये. शिक्का कुठून येईन?"

"मंग हा कागदच नाई, बाई. अन् उकिरडे हलवाले सांगू का लोकाइले? मोटरीचा अर्ज वर गेला हाये, त्याच्यात आता हे काऊन?"

मोटर बसली तर हेच पाणी नळानं घरोघर जाईल.

गुलाबचं पत्र आलं. कपाटाची गोष्ट ग्रंथपालाला कळली. नोकरी राहिली, पण वाचनालयातून काढून फाटकावर बसवलं आहे. लिहितो, बाई, फाटकावर बरं आहे, पुस्तकांची धूळ नाही. आत त्यानं शेवटच्या पानाच्या आणखी दोन नकला करून पाठवल्या आहेत, या वेळी मराठीत, मोठ्या अक्षरात.

रविवार, १० मार्च

चार घरं केली. नक्कल दाखवली तर लोक म्हणतात, हे गुलाबचं अक्षर. आटवू नका म्हटलं तर म्हणतात, डॉक्टरनं तर उत्तम म्हटलं होतं. जनकाबाईच्या सुनेनं कागद पाहिला आणि चुलीवरचा गंज तसाच ठेवला. मग मी तिला माझ्या नातवाचं सांगितलं. सगळं. किती वाट्यांची एक, किती दिवस. तिनं गंज उतरवला.

कागदावर विश्वास बसत नाही, यावर बसतो. म्हणून जिथे लेकरू आहे किंवा होणार आहे तिथे तेच सांगते. चार घरांत चारदा सांगितलं. पाचवं शेजारचं होतं, ते मी शेवटी ठेवलं होतं.

कौशल्याबाईची लेक बाळंतपणाला आली आहे, आठवा सुरू आहे. कौशल्याबाई माझ्या बरोबरीची, तिचा नातू आमच्याआधी गेला. ती ओसरीवर वाती वळत ऐकत होती. मी आटवण्यापाशी आले तशी तिची बोटं थांबली. तीही चौथाई करायची. मीच शिकवलं होतं.

 मग म्हणाली, "हे घरोघर सांगत फिरतं, मनकर्णाबाई. लाज नाई वाटत?"

"वाटते," म्हटलं. "तुह्या लेकीसाठी पानी कुठून आनशीन, ते सांग."